उन्हाळ्यापूर्वी घरातील नळजोडणीची तयारी कशी करावी

उन्हाळ्याची तयारी म्हटली की बहुतेक घरांत पहिला विचार साठवणीचा होतो: टाकी मोठी बसवावी का, आणखी एखादे पिंप भरून ठेवावे का. हा क्रम उलटा आहे असे माझे मत आहे, कारण गळक्या नळजोडणीवर कितीही मोठी टाकी बसवली तरी वाया जाणारे पाणी वायाच जाते, आणि ते लक्षात यायला मात्र अधिक दिवस लागतात. म्हणून आहे ते पाणी कुठे जाते हे आधी शोधावे, गळती बंद करावी आणि टाकी, पाइप व मोटर यांच्याकडे त्यानंतर वळावे. ऊन तापण्याच्या तीन-चार आठवडे आधी हे काम हाती घेतले तर ते सुट्टीच्या दोन दिवसांत उरकते आणि एखादा भाग बदलावा लागलाच तर कारागिराच्या मागे धावावे लागत नाही.

सुरुवात बंद करण्याच्या चाव्यांपासून

गळती शोधण्याच्याही आधी एक काम आहे. घरात पाणी आत येते तिथला मुख्य व्हॉल्व्ह, टाकीच्या बुडाशी असलेला व्हॉल्व्ह आणि प्रत्येक न्हाणीघराच्या व स्वयंपाकघराच्या फाट्यावरची चावी शोधून ती खरोखर बंद होते का, हे पाहावे. वर्षानुवर्षे न फिरवलेली चावी क्षार साचून जखडते आणि पाइप फुटल्यावर नेमकी तेव्हाच फिरत नाही. जखडलेल्या चावीला मोठा पाना लावून जोर देऊ नये, त्याने स्पिंडल, म्हणजे मुठीला जोडलेली आतली दांडी, तुटतो. थोडे पुढे, थोडे मागे असे हलवत ती हळूहळू मोकळी करावी. चाकासारखी मूठ असलेला गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर पाव फेरा मागे घ्यावा, म्हणजे तो उघड्या स्थितीत अडकून बसत नाही. दांडीचा बॉल व्हॉल्व्ह असेल तर दांडी पाइपला समांतर असताना तो उघडा आणि पाइपशी काटकोनात असताना बंद असतो. ही खूण घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, दाखवून ठेवावी.

चावी फिरवल्यानंतर तिच्या मानेतून पाणी झिरपू लागले तर घाबरू नये. मानेवरचा ग्लँड नट किंचित, म्हणजे पाव फेऱ्यापेक्षाही कमी आवळला की बहुधा ते थांबते. चावी पूर्ण बंद करूनही पाणी पुढे जात असेल तर मात्र ती बदलावीच लागेल. टाकीजवळची चावी बदलण्यासाठी टाकी रिकामी करावी लागते, म्हणून हे काम टाकी धुण्याच्या दिवशीच ठेवावे.

गळती मोजून शोधावी

पाण्याचा मीटर असेल तर घरातले सर्व नळ, कपडे धुण्याचे यंत्र आणि पाण्यावर चालणारी इतर उपकरणे बंद करून आकडा लिहून ठेवावा आणि दोन तासांनी पुन्हा पाहावा. आकडा सरकला असेल तर पाणी कुठेतरी जात आहे. मात्र मीटर टाकीच्या आधी असेल तर टाकीपुढची गळती त्यावर लगेच दिसत नाही, म्हणून अशा घरात आणि मीटर नसलेल्या घरातही टाकीलाच मीटर करावे. रात्री टाकीत येणारे पाणी बंद करून आतल्या पातळीवर खूण करावी, सकाळी कोणी नळ उघडण्यापूर्वी ती कितीने उतरली ते मोजावे. तळ १ चौरस मीटरचा असेल तर पातळी १ सेंटिमीटरने उतरणे म्हणजे १० लिटर पाणी जाणे. झाकलेल्या टाकीतून एका रात्रीत बाष्पीभवनाने जाणारे पाणी नगण्य असते, तेव्हा पातळी उतरली तर दोष वाफेला देता येणार नाही. पुढच्या रात्री एकेक फाटा बंद ठेवून हीच चाचणी केली की गळती कोणत्या बाजूला आहे ते कळते.

माझा पहिला संशय नेहमी फ्लशच्या टाकीवर असतो, कारण तिची गळती आवाज न करता भांड्यात उतरते आणि फरशीही ओली होत नाही. तिच्या पाण्यात खाण्याच्या रंगाचे थोडे थेंब टाकून अर्धा तास फ्लश न वापरता थांबावे. भांड्यात रंग दिसला तर तळाची रबरी झडप झिजली आहे किंवा तिच्या बैठकीवर क्षार जमले आहेत. बैठक पुसून पाहावी, तरीही रंग उतरला तर झडप बदलावी. पाण्याची पातळी उभ्या ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाला टेकत असेल तर फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगून पुरवठा बंद करणारा गोळा, खाली करून ती दोन-तीन सेंटिमीटर खाली आणावी.

ठिबकणाऱ्या नळाखाली तासभर मापाचे भांडे ठेवावे आणि जमलेल्या पाण्याला २४ ने गुणावे. हा आकडा पाहिल्यावर दुरुस्ती पुढे ढकलण्याची इच्छा सहसा उरत नाही. नळाच्या आतला वायसर, म्हणजे पाणी अडवणारी रबरी चकती, बदलण्यासाठी प्रथम फाट्याची चावी बंद करून नळ उघडावा आणि पाइपमधले पाणी निघून जाऊ द्यावे. बेसिनच्या भोकात फडके कोंबावे. लहान स्क्रू नेमका तिथेच पडतो. मग मूठ आणि वरचा नट काढून स्पिंडल बाहेर घ्यावा आणि नवा वायसर आणताना जुना सोबत न्यावा, कारण नजरेने घेतलेले माप चुकते. नव्या वायसरनंतरही नळ ठिबकत असेल तर आतली पितळी बैठक खरवडली गेली आहे असे समजावे. पाव किंवा अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नळांत वायसरऐवजी सिरॅमिक कार्ट्रिज असते, ते सबंधच बदलतात. याच वेळी नळाच्या तोंडची जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवावी. कमी दाबाची तक्रार कित्येकदा एवढ्यानेच मिटते.

टाकी

टाकी धुण्यापूर्वी तिच्यातले पाणी वापरून संपवावे आणि तळाशी थोडेसे उरले की काम सुरू करावे. कडक ब्रशने भिंती, झाकणाची आतली बाजू आणि कोपरे घासून गाळ बादलीने किंवा तळाच्या तोटीने बाहेर काढावा, तो घरातल्या नळांकडे जाऊ देऊ नये. निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीनच्या पाण्याने टाकी काठोकाठ भरून ती ओतून देण्याची पद्धत परिणामकारक असली तरी उन्हाळ्याच्या तोंडावर मला ती उधळपट्टी वाटते. त्याऐवजी १० लिटर पाण्यात ५ टक्के तीव्रतेचे, सुगंध न मिसळलेले सोडियम हायपोक्लोराइट (क्लोरीनचे द्रव ब्लीच) ४० मिलिलिटर मिसळून ते ब्रशने सर्व पृष्ठभागांवर लावावे, अर्धा तास थांबून स्वच्छ पाण्याने धुवावे आणि ते धुवण काढून टाकल्यावरच टाकी भरावी. हातमोजे व चष्मा वापरावा आणि हे द्रावण आम्लयुक्त स्वच्छतागृह-क्लीनरमध्ये कधीही मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. जमिनीखालच्या टाकीत एकट्याने उतरणे जिवावर बेतू शकते. तिथे प्राणवायू कमी असू शकतो, म्हणून ते काम साधने व अनुभव असलेल्या माणसांवर सोपवावे.

तापलेल्या पाण्यात क्लोरीन लवकर उडून जातो आणि जंतूंची वाढ वेगाने होते. श्वासातून शिरून न्यूमोनिया घडवणारा लिजिओनेला हा जिवाणू साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात फोफावतो, आणि उन्हातल्या टाकीचे पाणी नेमके याच पट्ट्यात येते. त्यामुळे टाकीवर सावली करणे हा अंघोळीला गार पाणी मिळण्यापुरता प्रश्न नाही. छपरीवजा आडोसा उत्तम. तो शक्य नसेल तर बाहेरून पांढरा रंग द्यावा. झाकण घट्ट बसले पाहिजे, आणि ओव्हरफ्लो व हवेच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. उष्ण हवेत डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

टाकी भरताना फ्लोट व्हॉल्व्ह पाहावा. हाताने फ्लोट वर उचलला की पाणी पूर्ण थांबले पाहिजे. फ्लोटच्या गोळ्यात पाणी शिरले असेल तर तो जड होऊन बुडतो आणि टाकी वाहत राहते. गोळा हलवून पाहिल्यास आत पाणी खळखळते.

उन्हातले पाइप

गच्चीवरून आणि भिंतीवरून उघड्याने जाणारे प्लास्टिकचे पाइप उन्हाचा मार सर्वाधिक सोसतात. अतिनील किरणांमुळे पीव्हीसीचा पृष्ठभाग पिवळट किंवा भुरकट होतो, तो ठिसूळ बनतो आणि शिडी आपटण्याइतक्या लहान धक्क्यानेही तडकतो. उष्णतेने त्याची दाब सोसण्याची क्षमताही घटते. साध्या पीव्हीसीच्या बाबतीत ४५ अंशांच्या आसपास ती साधारण निम्म्यावर येते. फिकट रंगाचा पाण्यात कालवायचा ॲक्रिलिक रंग दिल्यास दोन्ही त्रास कमी होतात. तेलरंग वापरू नये, त्यातील द्रावके प्लास्टिकला मारक ठरू शकतात. फोमचे आवरण घातल्यास पाणी उशिरा तापते, पण फोम स्वतःच उन्हात भुगा होत असल्याने त्यावर ॲल्युमिनियमची टेप गुंडाळावी.

पाइप तापल्यावर लांबतो, हे बसवणारेही विसरतात. १० मीटर लांबीचा पीव्हीसी पाइप ३० अंशांच्या फरकाने सुमारे २ सेंटिमीटर वाढतो. क्लॅम्प अगदी आवळून बसवले असतील तर ही वाढ जोडांवर आणि एल्बोवर (वळणाच्या जोडावर) ताण देते, म्हणून पाइप सरकू शकेल इतपत क्लॅम्प सैल ठेवावेत. जोड नव्याने चिकटवायचा असल्यास ते काम सकाळी लवकर करावे, कारण तापलेल्या पाइपवर सॉल्व्हंट सिमेंट (पीव्हीसी जोडण्याचा चिकट द्रव) पसरण्याआधीच सुकते. चिकटवल्यानंतर २४ तास पाणी सोडू नये.

मोटर, गिझर आणि जाळ्या

उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली गेली की मोटर हवा धरते आणि कोरडी चालून तिचे सील जळते. ओढीच्या पाइपच्या तळाशी पाणी परत खाली जाऊ न देणारा फूट व्हॉल्व्ह असतो. तो धरतो का, हे पाहण्यासाठी मोटर बंद करून रात्रभर थांबावे. सकाळी पुन्हा प्राइमिंग करावे, म्हणजे मोटरमध्ये वरून पाणी भरावे, लागले तर फूट व्हॉल्व्हची झडप किंवा ओढीच्या पाइपचा एखादा जोड गळतो आहे. पातळी खाली जाताच मोटर बंद करणारे उपकरण बसवून घेणे नवी मोटर घेण्यापेक्षा स्वस्त पडते.

गिझर महिनोन्‌महिने वापरायचा नसेल तर त्याचा वीजपुरवठा मुख्य बटणापासून बंद करावा. आतला क्षार काढून घेण्यासाठीही हीच वेळ योग्य आहे. पुन्हा सुरू करताना गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येईपर्यंत बटण लावू नये, रिकाम्या गिझरमध्ये हीटर जळतो.

क्वचित वापरल्या जाणाऱ्या न्हाणीघराच्या नहाणी ट्रॅपमधले, म्हणजे जाळीखाली गटाराचा वास अडवण्यासाठी साठून राहणारे, पाणी उन्हाळ्यात आटते आणि मग गटाराचा वास व झुरळे थेट घरात येतात. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतावे, आणि लांबच्या मुक्कामाला जाण्यापूर्वी त्यावर चमचाभर खाद्यतेल सोडावे. तेलाचा थर बाष्पीभवन रोखतो.

मुक्कामाला निघताना मुख्य व्हॉल्व्ह बंद करून कपडे धुण्याच्या यंत्राचा नळही बंद करावा, कारण त्याची रबरी नळी उन्हाळ्यात रिकाम्या घरात फुटली तर कळायला कोणी नसते. परतल्यावर खिडक्या उघडून शॉवरचा माथा बादलीत बुडवावा आणि काही मिनिटे पाणी वाहू द्यावे, म्हणजे पाइपमध्ये साचून तापलेल्या पाण्याचे तुषार श्वासात जात नाहीत. ते पाणी फरशी पुसायला किंवा फ्लशसाठी वापरता येते.