योद्धा नायिका लिहिताय? या चुका टाळा

अ‍ॅनिमेच्या, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनच्या, वळणाने फँटसी लिहिणाऱ्या नव्या मंडळींच्या कथा माझ्याकडे वाचायला येतात. चूक बहुतेक वेळा तीच: नायिकेकडे ताकद अफाट, पण स्वतःचा निर्णय एकही नाही.

एका होतकरू मुलाच्या कथेतली नायिका एका फटक्यात अख्खं सैन्य जाळायची. प्रसंग थरारक होता. पण युद्धाचं ठरवतो राजा, तलवार देतो गुरू, कैदेतून सोडवतो नायक, आणि शेवटी शत्रूला ती माफ करते तेही नायक म्हणतो म्हणून. मी विचारलं, "ती कुठेच 'नाही' का म्हणत नाही?" पुढच्या खर्ड्यात त्याने तिला पंख दिले.

त्याला मी 2007ची 'क्लेमोर' ही अ‍ॅनिमे मालिका बघायला लावली. तिची नायिका क्लेअर 47व्या, म्हणजे सर्वांत खालच्या क्रमांकाची योद्धा. पण लहानपणी, तिला सांभाळणारी योद्धा तेरेसा मारली गेल्यावर, ही लहानगी तेरेसाचं शिर घेऊन स्वतः योद्धे घडवणाऱ्या संघटनेकडे जाते आणि तेरेसाचं रक्तमांस माझ्या अंगात घाला म्हणते. तिला कोणी पकडून नेलेलं नाही. पुढची सगळी गोष्ट त्या मागणीवर उभी आहे.

माझी सवय सांगते. खर्ड्यातली सगळी जादू पेन्सिलीने खोडायची आणि उरलेलं वाचायचं. तिने स्वतः ठरवलेली, आणि जिची किंमत तिलाच मोजावी लागली, अशी एक तरी गोष्ट त्यात सापडलीच पाहिजे. नसेल, तर लढाया रंगवत बसू नका.

सगळ्यांवर खेकसणं म्हणजे स्वतंत्र बाणा नव्हे.

आईबापांचा खून दाखवला की नायिका उभी राहिली, असं होत नाही. 'मोरिबितो' या अ‍ॅनिमे मालिकेतली तीस वर्षांची भालाधारी बाल्सा आठ जीव वाचवण्याचं व्रत घेते आणि लढतानाही जीव घ्यायचं टाळते. आपली ताकद कुठे वापरायची नाही, हे तिचं तिने ठरवलंय.

पॉवर लेव्हलचे, म्हणजे कोण किती ताकदवान याचे, तक्ते कथेआधी बनवू नका.

आणि पहिल्याच भागात महाशक्ती देऊन टाकायची घाई तर मला मुळीच पटत नाही. 'योना' या अ‍ॅनिमे मालिकेत शत्रू राजकन्या योनाचे केस धरतो, तेव्हा तिला लढता येत नसतं. ती तलवारीने स्वतःचेच लांब केस कापते आणि सुटून आपला अंगरक्षक हाक याच्याकडे धावते. धनुष्यबाण ती नंतर त्याच्या मागे लागून शिकते. तुमची नायिकाही शिकेल. आधी तिला असा एक प्रसंग लिहून द्या.