नवा ब्लॉग सुरू करताय? आधी काय आणि नंतर काय, यात होणाऱ्या या चुका टाळा

नवा ब्लॉग सुरू करणाऱ्या पुष्कळांचा पहिला महिना लोगो, थीम आणि रंग ठरवण्यात जातो. दुसऱ्या महिन्यात अ‍ॅडसेन्सचा (साइटवर जाहिराती दाखवून पैसे देणारी गुगलची सेवा) अर्ज होतो, तिसऱ्यात फेसबुक पेज, इन्स्टाग्राम आणि टेलिग्राम चॅनेल. तोवर साइटवर लेख असतात सात-आठ, तेही घाईत उरकलेले. मग "मराठी ब्लॉगला स्कोपच नाही" असं म्हणून काम थांबतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण यातल्या कितीतरी जणांकडे सांगण्यासारखं खरोखर असतं. नोकरी किंवा घर सांभाळून ब्लॉग करणाऱ्याच्या हाती आठवड्याचे मोजकेच तास असतात, आणि ते भलत्या कामावर खर्च झाले की उत्साहच संपतो.

कामांचा क्रम ठरवायची एक सोपी रीत आहे. वाचकाला तुमचा लेख गुगलवर दिसतो, तो उघडतो, वाचतो, त्याला पटतं, आणि अफिलिएट साइट असेल (म्हणजे तुमच्या लिंकवरून खरेदी झाली की कमिशन मिळत असेल) तर शेवटी तो लिंकवरून जाऊन वस्तू घेतो. यातला जो पहिला टप्पा अडलाय, तेवढंच काम आज हातात घ्यायचं. लेख गुगलवर दिसतच नसेल, तर 'खरेदी करा' या बटणाचा रंग बदलून काहीही होणार नाही.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक साइट समोर ठेवू: घरघंटी, मिक्सर, वजनकाटा अशा स्वयंपाकघरातल्या उपकरणांबद्दल मराठीत लिहिणारी.

जास्त पैसे देणारा विषय निवडणं

क्रेडिट कार्ड, विमा, कर्ज या विषयांवरच्या जाहिरातींचा भाव जास्त, हे ऐकून लोक तिकडे वळतात. पण पैसा आणि आरोग्य या विषयांत गुगल जास्त काटेकोर असतं आणि समोर बँका, मोठी पोर्टल्स, वर्तमानपत्रांच्या साइट्स असतात. सरकारी योजनांचंही तेच. शासन निर्णय आला की त्याच दिवशी सगळीकडे तोच मजकूर फिरतो. तुमची नवी साइट त्या गर्दीत विसावी-पंचविसावी, आणि तुमच्याकडे वेगळं सांगायलाही काही नाही. रेसिपी, नोकरभरती, योजना आणि आरोग्य हे सगळं एकाच साइटवर घालणं हा याच चुकीचा दुसरा अवतार.

विषयाची परीक्षा अशी घ्या. इंटरनेट बंद करून कागद घ्या आणि त्या विषयात लोक खरंच विचारतात असे पंचवीस प्रश्न लिहा. घरघंटीबद्दल हे प्रश्न असे निघतील: चकलीच्या भाजणीला कुठली जाळी लावायची? भाजणी गार न करता दळली तर काय होतं? ज्वारी दळताना जाळी का चोंदते? बाजरीचं पीठ किती दिवसांत कडू होतं? लाडवाचं रवाळ बेसन निघतं का? मिरची दळलेली चालते का? फ्लॅटमध्ये खालच्या मजल्यावर आवाज जातो का? किचनमधला साधा प्लग पुरेल की मोठा लागेल? तालुक्याच्या गावी दुरुस्तीला माणूस येतो का?

हे प्रश्न सहज सुचत असतील तर विषय तुमचा आहे. दहाव्या प्रश्नाला पेन थांबलं तर विषय बदला, डोमेन (साइटचं नाव) अजून घेतलेलं नाही तोवरच बदला. आणि हे पंचवीस प्रश्न म्हणजेच तुमच्या पहिल्या काही महिन्यांचं काम. 'टॉप १० घरघंट्या' हा लेख या यादीत शेवटी येतो. बहुतेक जण तोच पहिल्या दिवशी लिहायला बसतात.

लेख गुगलवर दिसतच नाही

नव्या साइटवर सगळ्यात आधी तपासायची जागा हीच, आणि सगळ्यात दुर्लक्षितही हीच. वर्डप्रेस या साइट बनवायच्या साधनाच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' या पानावर एक छोटा चौकोन असतो, सर्च इंजिनांना ही साइट दाखवू नका असं सांगणारा. साइट बनत असताना तो बरेचदा टिक केला जातो आणि तसाच राहतो. महिनोन् महिने लिहूनही एकसुद्धा पान गुगलवर न येण्याचं कारण कधी कधी एवढंच असतं.

त्यानंतर सर्च कन्सोल. तुमचे लेख गुगलच्या शोधात कसे दिसतात ते दाखवणारं हे गुगलचं मोफत साधन आहे. साइट सुरू केल्याच्या दिवशीच जोडा आणि साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) द्या, कारण जोडण्याआधीच्या दिवसांचा तपशील नंतर हाती येईलच असं नाही. त्यातल्या 'पेजेस' अहवालात तुमच्या लेखापुढे 'डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' असं दिसलं, तर गुगलला पान माहीत आहे पण ते अजून वाचायला आलेलं नाही. नव्या साइटला हे होतंच. थांबा, आणि जुन्या लेखांतून नव्या लेखाकडे जाणाऱ्या लिंका द्या. 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' असेल तर गोष्ट वेगळी आहे. गुगलने पान वाचलं आणि तूर्त बाजूला ठेवलं. तिथे पुन्हा पुन्हा 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' दाबत बसू नका. लेख उघडा आणि पाहा, यात असं काय आहे जे इतर कुठेच नाही.

मराठी साइटची एक खास अडचण लेखांच्या वेब पत्त्यांची (यूआरएल) आहे. वर्डप्रेस लेखाच्या मथळ्यावरून पत्ता तयार करतं. मथळा देवनागरीत असेल तर प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा नऊ रोमन चिन्हांच्या संकेतात साठवली जाते, आणि पत्त्याच्या या भागाला जागा असते २०० चिन्हांची. म्हणजे अक्षरं-मात्रा मिळून जेमतेम बावीस. 'भाजणी दळताना घरघंटीची जाळी कोणती लावावी' हा मथळा 'जाळी' या शब्दाच्या मधोमध तुटतो. शिवाय ही लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की अनेकदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब रांग दिसते, आणि अशा लिंकवर बोट ठेवायला लोक बिचकतात. म्हणून सेटिंग्जमध्ये पर्मालिंक (पत्त्याची रचना) 'पोस्ट नेम' करून ठेवा आणि प्रत्येक लेखाचा पत्ता स्वतः रोमन अक्षरांत, तीन-चार शब्दांत लिहा. हे पहिल्या लेखाआधीच करा. पन्नास लेख झाल्यावर पत्ते बदलायचे तर प्रत्येक जुना पत्ता नव्याकडे वळवावा लागतो.

दिसतो, पण कोणी उघडत नाही

कन्सोलमध्ये इंप्रेशन (लेख शोधात किती वेळा दिसला) आहेत आणि क्लिक नाहीत, तर आधी सरासरी क्रमांक बघा. चाळिसाव्या-पन्नासाव्या जागी असलेल्या लेखाला क्लिक मिळत नाहीत, त्यात मथळ्याचा दोष नाही. तिथे अजून लेख हवेत, जास्त खोलातले. पण पहिल्या पानावर असूनही क्लिक नसतील तर मथळा लोकांच्या प्रश्नाशी जुळत नाही.

इथे कन्सोलमधली शोधांची यादी फार शिकवते. मराठी माणूस देवनागरीत शोधतो, रोमन अक्षरांत मराठी टाइप करून शोधतो आणि बोलूनही शोधतो. कोणी 'घरघंटी' म्हणतं, कोणी 'पिठाची गिरणी', कोणी 'आटा चक्की'. ज्या शब्दांनी लोक येतात ते शब्द मथळ्यात आणि पहिल्या परिच्छेदात सहजपणे येऊ द्या. 'आधुनिक गृहिणीची खरी सखी' असा मथळा कोणी शोधत नाही.

हंगामाचाही विचार आधीच करा. गुगल नवा लेख लगेच वर आणत नाही. दिवाळीच्या फराळाचा लेख वसुबारसेला टाकला तर तो पोचेपर्यंत चकल्या तळून झालेल्या असतात. फराळावरचं लेखन आषाढ-श्रावणात पूर्ण हवं, वाळवणं आणि मसाल्यांचं माघात, संक्रांतीच्या बाजरी-तिळाचं दिवाळी संपताच. लेखांचा क्रम लावताना भिंतीवरचं कॅलेंडर समोर असू द्या.

उघडतो, पण लगेच परततो

बहुसंख्य वाचक मोबाइलवर असतात. चार-पाच एमबीचे फोटो तसेच चढवले की पान रेंगाळतं. गुगलच्या मापानुसार पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा. फोटो आकाराने लहान करून वेबपी (WebP) या हलक्या फाइल प्रकारात टाका, बराचसा प्रश्न तिथेच सुटतो.

बहुतेक थीम्स रोमन लिपीसाठी बनलेल्या असतात. त्यांच्या मथळ्यांत अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडलेली असेल तर देवनागरीची शिरोरेषा तुटते. ओळींमधलं अंतर कमी असेल तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत जातात. महागड्या थीमपेक्षा या दोन गोष्टी दुरुस्त करणं जास्त मोलाचं आहे. 'मुक्त' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हा फॉन्ट घ्या, दोन्ही मोफत आहेत. आणि वर्डप्रेसची भाषा मराठी निवडा, म्हणजे तारखाही मराठीत येतील.

वाचतो, पण विश्वास ठेवत नाही

विक्रीच्या पानावरची वैशिष्ट्यं उचलून दहा यंत्रांचा तक्ता करायचा आणि खाली 'आमची निवड' लिहायची, असे लेख हजारोंनी आहेत. गुगलने २०२१पासून वस्तूंच्या परीक्षणांसाठी वेगळे निकष आणले, आणि मार्च २०२४मध्ये केवळ क्रमवारीसाठी घाऊक प्रमाणात बनवलेल्या मजकुराविरुद्धचं धोरण आणखी कडक केलं. इंग्रजी लेख यंत्राकडून भाषांतरित करून रोज पाच टाकणारी साइट या धोरणाच्या थेट वाटेत उभी राहते. गुगलचं सोडा, "हे उत्पादन उत्कृष्ट कार्यक्षमता प्रदान करते" असं वाक्य वाचून कोणाची आई पंधरा-वीस हजारांचं यंत्र घेईल?

तुमच्या घरी जी एकच घरघंटी आहे, तिच्याबद्दल लिहा. भाजणी दळल्यावर जाळीचा फोटो टाका. दळताना शेजारच्या खोलीत बोलणं ऐकू येतं का ते सांगा. पीठ कुठे सांडतं, साफ करायला किती वेळ लागतो, वॉरंटीचा माणूस किती दिवसांनी आला, हे लिहा. न आवडलेलं तर आवर्जून लिहा. ज्या वस्तू वापरलेल्या नाहीत त्या वापरल्याचा आव आणू नका. शेजारणीकडे असेल तर तिला विचारून, तसं स्पष्ट सांगून लिहा. असा एक लेख व्हायला चार संध्याकाळ लागल्या तरी लागू द्या.

पटतं, पण पैसे येत नाहीत

इथे घाईचं नुकसान अगदी मोजता येतं. अ‍ॅमेझॉन असोसिएट्समध्ये, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या अफिलिएट योजनेत, नाव नोंदवल्यावर १८० दिवसांत किमान तीन पात्र विक्री व्हाव्या लागतात, नाहीतर खातं बंद होतं. स्वतःची खरेदी यात धरत नाहीत. वाचक नसताना पहिल्याच आठवड्यात नोंदणी केली की हे दिवस वाया जायला लागतात. रोज थोडेतरी लोक शोधातून येऊ लागले की मग अर्ज करा.

दुसरी गोष्ट, त्या लिंकची मुदत, म्हणजे क्लिकनंतर कमिशन मोजलं जाण्याचा काळ, साधारणपणे २४ तासांची असते. घरघंटी कोणी एका दिवसात घेत नाही. घरात चर्चा होते, दुकानात जाऊन बघणं होतं. त्यामुळे मोठ्या वस्तूच्या लेखातही जाळ्यांचा संच, साफसफाईचा ब्रश, धान्याचे डबे अशा लगेच घेतल्या जाणाऱ्या गोष्टींच्या लिंका द्या. सुरुवातीची कमाई बहुधा त्यांतूनच होते. किमती लेखात हाताने लिहू नका, त्या सतत बदलतात आणि अ‍ॅमेझॉनच्या नियमांतही ते बसत नाही.

अ‍ॅडसेन्स मराठी मजकूर स्वीकारतं. पण मोजक्या, तुटपुंज्या लेखांवर अर्ज केला की बहुतेक वेळा 'लो व्हॅल्यू कंटेंट' म्हणून नकार येतो. नकार आला तर पुन्हा पुन्हा अर्ज करण्यापेक्षा लेख वाढवा. मंजुरी मिळाल्यावरही पत्ता पडताळायचं पिन १० डॉलर जमल्यावर निघतं आणि पैसे १०० डॉलर झाल्यावर मिळतात. नव्या ब्लॉगला तिथे पोचायला बराच काळ लागतो, म्हणून घरखर्चाचं गणित त्यावर मांडू नका. आणि मित्रांच्या ग्रुपवर "माझ्या जाहिरातींवर क्लिक करा रे" असं कधीही टाकू नका. अशा क्लिकांमुळे खातंच बंद होतं.

कमिशन मिळतं हे मात्र पहिल्या लिंकपासून सांगायचं. जानेवारी २०२३मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने याबद्दल मार्गदर्शन जाहीर केलं आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लेखाच्या सुरुवातीलाच, साध्या मराठीत एक ओळ पुरते: "या लेखातल्या लिंकवरून खरेदी केल्यास मला कमिशन मिळतं." शेवटी बारीक अक्षरांत दडवू नका.

लोगो, सशुल्क थीम, डझनभर प्लगइन, विकतच्या बॅकलिंका (पैसे देऊन इतर साइट्सवरून मिळवलेल्या लिंका) यांपैकी शेवटची गोष्ट कधीच करायची नाही, बाकीच्या सवडीने. होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) घेताना पहिल्या वर्षाच्या सवलतीऐवजी नूतनीकरणाचा दर बघा. बॅकअप मात्र पहिल्या आठवड्यातच सुरू करा.

पंचवीस लेख झाल्यावर नवा लिहू की जुना सुधारू, हा प्रश्न येतो. तेव्हा कन्सोलमध्ये मागच्या तीन महिन्यांतले असे शोध काढा, ज्यांत तुमचा सरासरी क्रमांक आठ ते वीसच्या दरम्यान आहे. ते लेख आधी घ्या. लोकांनी विचारलेला आणि तुम्ही न लिहिलेला एखादा प्रश्न त्यात नक्की सापडेल: कोणी मिरचीबद्दल विचारत असेल, कोणी इन्व्हर्टरवर घरघंटी चालते का म्हणून. उत्तर छोटं असेल तर त्याच लेखात घाला. मोठं असेल तर पुढचा नवा लेख त्याचाच.