वेल्डिंग वायर आणि रॉड: घरच्या वर्कशॉपवाल्यांनो, या चुका टाळा

मशीन घ्यायचं म्हटलं की माणूस महिनाभर चौकशी करतो. किती अँपिअरचं, वॉरंटी किती, टॉर्च (वायर सोडणारी हातातली मूठ) कसली, सगळं दहा जणांना विचारून घेतो. वायरच्या वेळी मात्र दुकानात उभ्या उभ्या, "सीओटूची वायर द्या ओ एक." विषय संपला. मग ती वायर वर्षभर मशीनवर तशीच चढवलेली, रॉडचा पुडा खिडकीत उघडा पडलेला, आणि एक दिवस वेल्ड नीट येईना झालं की बोंब मशीनच्या नावाने. अशी मशीनं माझ्याकडे येतात. "काका, बोर्ड गेलाय वाटतं, बघा की जरा." बोर्ड क्वचितच गेलेला असतो.

रोज काम करणाऱ्या फॅब्रिकेटरने हे वाचायची गरज नाही, त्याची वायर गंजायच्या आधी संपते. हे महिन्यातून एखाद्या रविवारी गेट, स्टँड, कुंड्यांची जाळी जोडणाऱ्यांसाठी आहे.

किलोमागे स्वस्त पडतं म्हणून मोठं स्पूल (वायरचं रीळ) घेणं

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. आधी हिशेब करू. ०.८ मिलिमीटरच्या लोखंडी वायरचं वजन मीटरला साधारण ४ ग्रॅम. म्हणजे एका किलोत २५० मीटर, ५ किलोच्या स्पूलमध्ये साडेबाराशे मीटर, १५ किलोच्या स्पूलमध्ये पावणेचार हजार मीटर. मशीन मिनिटाला ५ मीटर वायर ओढतंय असं धरा. ५ किलोचं स्पूल चार तास चालेल, १५ किलोचं साडेबारा तास. हे तास फक्त आर्क (वेल्ड करणारी विजेची ठिणगी) पेटलेला असतानाचे. मापं घेणं, कापणं, ग्राइंडर मारणं, चहा, यातलं काहीच त्यात धरलेलं नाही. घरच्या कामात एका रविवारी आर्क दहा मिनिटं पेटला तरी पुष्कळ झालं. महिन्याला असा एक रविवार धरला तर १५ किलोचं स्पूल सहा वर्षं पुरतं. सहा वर्षं लोखंडाची उघडी वायर गंजाशिवाय ठेवून दाखवा, मग किलोमागच्या बचतीचं बोलू.

सोलापूरच्या पूर्व भागातला एक ओळखीचा मुलगा. घराच्या मागे शेडमध्ये लूम, शेडच्या कोपऱ्यात त्याचं मिग मशीन, म्हणजे वायरवर चालणारं वेल्डिंग मशीन. एक वर्कशॉप बंद होत होतं, तिथून त्याने उन्हाळ्याच्या तोंडावर १५ किलोचं स्पूल निम्म्या भावात उचललं. तेव्हा तांबं अगदी चकाकत होतं. स्पूल मशीनवर चढवलं, बाजूचं झाकण नीट बसत नव्हतं म्हणून काढूनच ठेवलं. शेडला कूलर, तोही मशीनच्याच भिंतीला. एप्रिल-मे कूलर चालला, नंतर पाऊस आला, सप्टेंबरात जोराचा झाला. मशीन थेट खंडेनवमीला बाहेर निघालं. हळदकुंकू वाहिलं, तांब्यातलं पाणी शिंपडलं, झेंडूची माळ घातली. पूजेला माझी हरकत नाही, माझ्याही मशीनची होते. पण झाकण लावून करावी ना.

दिवाळीच्या आधी गेटचं काम निघालं आणि वायर अडकायला लागली. दोन इंच वेल्ड होतं न होतं तोच वायर टॉर्चच्या टोकाच्या टिपमध्ये चिकटे आणि मागे वायर ढकलणाऱ्या रोलरपाशी गुंता. याने रोलर आवळला. आणखी अडकली, आणखी आवळला. टिपा बदलल्या, पाकीटच संपवलं. मग कोणीतरी सांगितलं, लाईट कमी येते. स्टॅबिलायझर आणला. शेवटी नवी टॉर्च मागवली, आणि ती बसवूनही तेच झालं तेव्हा माझी आठवण झाली.

मी एक पांढरं फडकं घेतलं, वायरभोवती चिमटीत धरलं आणि हातभर वायर ओढली. फडक्यावर लालसर रेघ. मशीन चालूसुद्धा केलं नव्हतं. वरचे थर सोडवत गेलो, आतही ठिपके. जुन्या टॉर्चचा लायनर (वायर सरकते ती आतली नळी) काढून फरशीवर आपटला तर तांबूस भुकटी आणि तिच्यात लूमवरचे कापसाचे तंतू, असा गोळा पडला. हे सगळं तो नव्या टॉर्चमध्येही ढकलत होता.

"काका, पॉलिश पेपर धरला वाटेत, तर घासून जाईल की."

पावणेचार हजार मीटर वायर पॉलिश पेपरमधून ओढणार म्हणे. घाई असलेल्या माणसाला असले उपाय फार सुचतात. तसं केलं तर तांब्याचा उरलासुरला थरही जातो आणि घासलेली पूड पुन्हा लायनरमध्ये बसते. स्पूल भंगारात गेलं. स्टॅबिलायझर, टॉर्च आणि टिपा धरल्या तर त्या पैशांत ५ किलोची चांगली दोन-तीन स्पूलं आली असती.

तांब्याच्या त्या थराबद्दल थोडं सांगतो, कारण "कॉपर कोटेड आहे, गंजत नाही" हे दुकानदारही सांगतात. थर अगदी पातळ असतो. टिपमधून वायरला करंट नीट मिळावा, वायर सुळकन सरकावी, हे त्याचं मुख्य काम. गंजापासून तो काही दिवस वाचवतो, काही वर्षं नाही. आणि गंज धरला की त्यात पाणी असतं. त्यातला हायड्रोजन वेल्डमध्ये जातो आणि ब्लोहोल, म्हणजे बारीक भोकं, पडतात. वायर अडकते ते वेगळंच.

म्हणून ५ किलोचं स्पूल घ्या. त्याहून कमी काम असेल तर १ किलोचं लहान स्पूल मिळतं, किलोमागे महाग पडलं तरी तेच घ्या.

"सोलापुरात कुठली दमट हवा?"

हवा कोरडी, मान्य. ऊन ४२-४३ अंशांवर जातं, तेही मान्य. पण त्याच उन्हाळ्यात घरोघर कूलर चालतो, आणि कूलर म्हणजे खोलीत दिवसभर ओली हवा सोडणारं यंत्र. वर आपली शेड पत्र्याची. दिवसा भट्टी, रात्री गार, आणि पावसाळ्यात पहाटे पत्र्याला आतून पाणी सुटतं. तेच पाणी वायरवरही धरतं, फक्त तिथे कोणी बघत नाही.

माझी सवय सांगतो, पटली तर घ्या. काम झालं की स्पूल मशीनवरून उतरतं. टोक स्पूलच्या भोकात अडकवायचं, नाहीतर सगळं उसळून मोकळं होतं. मग जाड प्लॅस्टिकची पिशवी, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पिशवी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. ५ किलोचं स्पूल २०० मिलिमीटर व्यासाचं असतं, १५ किलोच्या तेलाच्या चौकोनी डब्यात आडवं बसतं. १५ किलोचं स्पूल ३०० मिलिमीटरचं, ते बसत नाही, हेही ते न घेण्याचं एक कारण. डबा घरातल्या कपाटात, शेडमध्ये नाही. सिलिका जेल निळं असेल तर ओल शोषून गुलाबी होतं. गुलाबी झालं की १२० अंशांच्या आसपास तापवून परत निळं करायचं. वर्षानुवर्षं तीच गुलाबी पुडी ठेवून "सिलिका जेल घातलंय की" म्हणणारे बरेच भेटतात.

डबा सिमेंटच्या फरशीवर टेकवू नका, खाली फळी घाला.

बाथरूमचं ॲसिड त्याच फडताळात नको. झाकण घट्ट असलं तरी त्याची वाफ निघते आणि आसपासचं सगळं लोखंड खाते.

वायरवर तेल किंवा गंज काढायचा स्प्रे मारू नका. तेल आर्कमध्ये जळतं, वेल्डला भोकं पाडतं आणि लायनरमध्ये धूळ चिकटवून ठेवतं.

गॅसची वायर आणि बिनगॅसची वायर, यातला फरक न विचारणं

लहान मिग मशीन ऑनलाइन मागवलं, त्यावर "गॅसलेस" लिहिलेलं. सिलिंडरचा खर्च वाचला म्हणून माणूस खूश. मग वायर संपते आणि दुकानातून तो साधी, भरीव, तांब्याच्या रंगाची वायर आणतो, कारण ती स्वस्त आणि दिसायला तशीच. सिलिंडर नाहीच. वेल्ड येतं ते अनारशासारखं, जाळीच जाळी.

वेल्डला हवेपासून वाचवणारा गॅस एकतर सिलिंडरमधून येतो, किंवा वायरच्या पोटातला फ्लक्स (जळून गॅस सोडणारी पूड) तो तयार करतो. भरीव वायर, म्हणजे ईआर ७० एस-६, तिच्यात फ्लक्स नसतो, तिला गॅस लागतोच. नुसता कार्बन डायऑक्साइड (सीओटू) चालतो. पोकळ, फ्लक्स भरलेल्या वायरीतही दोन जाती आहेत आणि इथे भलेभले फसतात. ई ७१ टी-जीएस किंवा ई ७१ टी-११ बिनगॅसची. ई ७१ टी-१ च्या पोटात फ्लक्स असला तरी तिला गॅस लागतो. "फ्लक्स कोअर द्या" एवढं म्हणून भागत नाही, स्टिकरवरचा नंबर स्वतः वाचा.

वायर बदलली की पोलॅरिटीही (प्लस-मायनसची जोडणी) बघायची. भरीव वायरीला टॉर्च प्लसला. या बिनगॅसच्या वायरींना टॉर्च मायनसला, क्लॅम्प (जोडायच्या लोखंडाला लावायचा चिमटा) प्लसला. मशीनचं झाकण उघडलं की आत दोन बोल्ट असतात, पाच मिनिटांचं काम. ते न करता "बिनगॅसच्या वायरीने स्पॅटर फार उडतो" (स्पॅटर म्हणजे वितळल्या लोखंडाचे शिंतोडे) अशी तक्रार करणाऱ्याला मी आधी झाकण उघडायला लावतो. रोलरही बघा. भरीव वायरीला व्ही खाचेचा, फ्लक्सवालीला दातेरी. साध्या रोलरने पकड यावी म्हणून आवळत राहिलात तर पोकळ वायर चेपते.

फ्लक्सवाली वायर साठवायला जास्त नाजूक. आतला फ्लक्स ओल ओढतो आणि बाहेरून काही दिसत नाही. वेल्डवर लांबट चरे आणि भोकं आली की समजायचं. घरी ती सुकवायला जाऊ नका, प्लॅस्टिकचं स्पूल वितळेल. ही वायर मी १ किलोच्या वर घेतच नाही.

रॉड

वायरऐवजी रॉडने, म्हणजे वर कोटिंग असलेल्या काडीने, वेल्ड करणाऱ्यांचा ओल घालवायचा आवडता उपाय म्हणजे गच्चीवर ऊन दाखवणं. साध्या ६०१३ रॉडला जरा ओल लागली असेल तर त्याने थोडा फरक पडतो. नीट सुकवायचा तर १०० ते १२० अंशांवर तासभर. फार भाजूही नका, या रॉडच्या कोटिंगला थोडी ओल लागते, ती पूर्ण गेली तर आर्क बिघडतो. ७०१८ या दुसऱ्या जातीच्या रॉडची गोष्ट निराळी. त्याला ओल चढली तर ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजावं लागतं. सोलापूरचं ऊन कितीही कडक असलं तरी तिथवर जात नाही, आणि स्वयंपाकघरातला ओव्हनही २५० च्या आसपास थांबतो. शिवाय त्या कोटिंगमध्ये फ्लोराइड असतं, केक भाजायच्या ओव्हनमध्ये ते कशाला?

गेट, ग्रिल, शेडचे अँगल यांना ६०१३ पुरतो. कोणीतरी "७०१८ मजबूत असतो" म्हणालं म्हणून पुडा आणायचा, चार रॉड वापरायचे आणि बाकी उघडे ठेवायचे, यात मजबुती कसली? ओलसर ७०१८ वेल्डमध्ये हायड्रोजन सोडतो आणि जोड नंतर चिरतो. उसाच्या ट्रॉलीचा हुक असलं काम असेल तर ज्याच्याकडे रॉडची भट्टी आहे त्याला द्या. रस्त्यावर मागून माणसं येत असतात.

ओल घालवायला रॉड जॉबला (जोडायच्या लोखंडाला) चिकटवून लाल होईपर्यंत तापवणं, हा जुन्या मिस्त्रींचा शॉर्टकट. कोटिंग तडकतं, बाकी काही होत नाही.

उरलेल्या रॉडसाठी जुनी पत्र्याची पेटी आणि आत उबेसाठी ६० वॉटचा तारेचा बल्ब, हे चालतं. बल्ब पुठ्ठ्याला आणि पिशवीला लागू देऊ नका. एकाने आत एलईडी लावला होता, वीज वाचते म्हणून. पेटीत उजेड छान पडला होता.

सुटे रॉड घेऊ नका. दुकानदार फुटका पुडा काढून "दहा नंबर" म्हणून वीस-पंचवीस काढून देतो. दहा नंबर म्हणजे ३.१५ मिलिमीटर, एवढं कळतं, पण तो ६०१३ आहे की काय, कधीचा आहे, कळत नाही. सील असलेला पुडा, आयएसआय मार्क, तयार केल्याची तारीख, तिन्ही बघा. घरचे जुने रॉड वापरण्याआधी दोन एकमेकांवर हलके आपटा. कोरडे खणखणतात, ओलसर बद्द वाजतात. कोटिंगवर पांढरी भुकटी आलेली दिसली तर आवाज ऐकायचीही गरज नाही.

घरच्या सिंगल फेजच्या लहान मशीनला १.२ मिलिमीटरची वायर आणू नका, तेवढा करंट त्याला झेपत नाही.

आणि स्पूलचं स्टिकर फाडू नका. उघडल्याची तारीख मार्करने त्यावरच लिहा. बिनस्टिकरची वायर घेऊन "ही कसली आहे सांगा" म्हणून माझ्याकडे आलात, तर मलाही रंगावरून फार काही सांगता येत नाही.