मिरवणुकीचं प्लास्टिकचं चिलखत पुन्हा चमकवलं

शिवजयंतीनंतर आमच्या परभणीच्या मंडळाची चिलखतं पत्र्याच्या खोलीत पडून होती. इकडं उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. एक खांदपट्टा पार वाकला होता. तो गरम पाण्यात धरून मऊ केला, हातानं आकार दिला आणि लगेच गार पाण्यात बुडवला.

धूळ साबणाच्या कोमट पाण्यानं काढली, नक्षीतली जुन्या टूथब्रशनं. ओरखड्यांवर २००० नंबरचा वॉटर पेपर (अगदी बारीक पॉलिश पेपर) ओला करून हलक्या हातानं फिरवला, वरून गाडीचं वॅक्स. सोनेरी मुलामा असेल तिथं मात्र पेपर लावूच नका, थर निघून खालचं प्लास्टिक दिसतं. थिनर तर अजिबात नको, प्लास्टिक विरघळतं. आता सगळी चिलखतं स्लॅबच्या खोलीत, आत कागदाचे बोळे भरून ठेवलीत.