नर्सिंग होममधला धोक्याचा रिपोर्ट डॉक्टरांपर्यंत वेळेत कसा पोचवावा

पंधरा-वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये स्वतःची लॅब बहुधा नसते. सकाळी सातला रक्त बाहेर जातं, अकराला पीडीएफ व्हॉट्सॲपवर येते आणि कन्सल्टंट राउंडला येतात संध्याकाळी सहाला. मधले सात तास रिपोर्ट फाइलला लावलेला असतो. घोळ होतो तो याच वेळात.

१. कोणता आकडा आला की लगेच फोन करायचा, ते कन्सल्टंटकडून सहीनिशी लिहून घ्या आणि कागद ड्यूटी टेबलाच्या काचेखाली ठेवा. साधारण असं: पोटॅशियम ६ च्या वर, सोडियम १२० च्या खाली, साखर ५० च्या खाली, प्लेटलेट २० हजारांच्या खाली, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) ५ च्या वर. प्रत्येक डॉक्टरांची रेघ थोडी वेगळी असते, म्हणून सही हवीच. बाकीचे रिपोर्ट राउंडपर्यंत थांबतात. ऊठसूट फोन केले तर खऱ्या वेळी उचलला जात नाही.

२. लॅबला ड्यूटीवरच्या सिस्टरकडे असणारा एकच नंबर द्या. फोनवरचा आकडा लिहून घ्या आणि परत वाचून दाखवा. पूर्ण नाव आणि आयपीडी नंबर (ॲडमिट करताना दिलेला) दोन्ही विचारा. एकाच वेळी दोन पाटील आजोबा ॲडमिट असणं आपल्याकडे काही नवं नाही.

३. डॉक्टरांना फोन लावण्याआधी नाडी, बीपी, आधीचा रिपोर्ट आणि चालू औषधं बघा. दोन मिनिटं पुरतात. मग बोलणं असं:

"सर, चार नंबरचे पाटील आजोबा, वय ७२. पोटॅशियम ६.४ आलंय, परवा ५.१ होतं. नाडी ४८, बीपी ११०/७०. रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे. ईसीजी काढू का?"

ही दोन्ही औषधं पोटॅशियम वाढवू शकतात, म्हणून ती सांगायची. सॅम्पल हिमोलाइज झाल्याचा (नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्याचा) शेरा असेल तर तोही सांगा, कारण त्यानं पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसू शकतं. पण ते ठरवणार डॉक्टर. "खोटंच असेल" म्हणून आपण फोन टाळायचा नाही.

४. ब्लू टिक म्हणजे ऑर्डर नव्हे. मेसेज टाकला तरी फोन कराच. ऑर्डर मिळाली की तीही वाचून दाखवा.

५. फोन उचलला नाही तर? दहा मिनिटांनी पुन्हा, मग आरएमओ (नर्सिंग होममधले निवासी डॉक्टर), मग दुसरे कन्सल्टंट. हा क्रम आधीच ठरलेला असावा. पेशंटची तब्येत ढासळत असेल तर थेट आरएमओला हाक मारा.

६. केसपेपरवर लिहा: "११.०५ लॅबचा फोन. ११.१० सरांना कळवलं. ऑर्डर: ..." खाली सही. ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला हे खाटेपाशी उभं राहून सांगा, आणि पुन्हा रक्त कधी पाठवायचं तेही.