व्हिडिओ नीट दिसत नाही? प्लेअर बदलण्याआधी या चुका टाळा

मावशीच्या लग्नाची डीव्हीडी यंदा दिवाळीत सगळ्यांनी मिळून बघायची ठरली. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, अक्षता उडाल्या आणि पडद्यावरच्या प्रत्येक हलत्या हाताला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसायला लागल्या. शिवाय सगळी माणसं बुटकी आणि रुंद. ‘प्लेअर खराब आहे, दुसरा टाक,’ असं मामेभाऊ म्हणाला. तासाभरात त्या लॅपटॉपवर चार प्लेअर आणि एक कोडेक पॅक (व्हिडिओ उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरचा गठ्ठा) येऊन बसला. रेघा होत्या तशाच.

दोष प्लेअरचा नव्हताच. त्या काळचा कॅमेरा सेकंदाला ५० अर्धी चित्रं टिपायचा: आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या उरलेल्या. जुना टीव्ही त्या तशाच आलटूनपालटून दाखवायचा. कॉम्प्युटर दोन्ही अर्धी चित्रं जोडून एकदम दाखवतो. तेवढ्या क्षणात हात पुढे सरकलेला असतो, म्हणून रेघा. व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये यावर इलाज आहे. ‘व्हिडिओ’ मेनूत ‘डीइंटरलेस’ ‘ऑन’ करा आणि त्याखालच्या ‘डीइंटरलेस मोड’मध्ये ‘याडिफ’ किंवा ‘याडिफ २एक्स’ निवडा. हे ‘ऑटोमॅटिक’वर ठेवलं तरी सहसा चालतं, पण घरगुती डिस्कवर तशी खूण नीट नोंदवलेली नसली तर प्लेअरला कळत नाही. माणसं रुंद दिसत होती, कारण पडदा भरावा म्हणून कोणीतरी ४:३चं चित्र १६:९ करून ताणलं होतं. व्हीएलसीत कीबोर्डवरचं ‘ए’ दाबत राहिलं की चित्राचं प्रमाण बदलत जातं. ते मूळ मापावर आणलं, आणि मावशी पुन्हा मावशीसारखी दिसायला लागली.

तेव्हापासून कोणी ‘चांगला प्लेअर सांग’ म्हणालं की मी आधी विचारतो, फाईल कोणती आहे?

फाईलच्या नावावर विसंबणं

आपल्या स्वयंपाकघरात ‘रवा’ लिहिलेल्या डब्यात कधी कधी पोहे निघतात. फाईलचंही तसंच. एमपीफोर, एमकेव्ही, एव्हीआय ही डब्यांची नावं. आतला माल कोणत्या पद्धतीने दाबून भरलाय, ते म्हणजे कोडेक: एच.२६४, एच.२६५ (यालाच एचईव्हीसी म्हणतात), एव्ही१ वगैरे. दोन एमपीफोर फायलींपैकी एक चालते आणि दुसरीचा फक्त आवाज येतो, याचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं.

नेहमीचं उदाहरण म्हणजे परदेशातल्या भाच्याने आयफोनवर काढून पाठवलेला व्हिडिओ. २०१७ पासूनचे आयफोन मुळात एचईव्हीसीत रेकॉर्ड करतात. विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरला त्यासाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून वेगळं एक्स्टेन्शन लागतं. ते नसेल तर आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. फाईल बिघडली असं समजून ती पुन्हा पुन्हा मागवण्याची गरज नाही. व्हीएलसीत ती तशीच चालते.

आत काय आहे ते बघायला व्हीएलसीत व्हिडिओ चालू असताना ‘कंट्रोल’ आणि ‘जे’ दाबा. कोडेक, चित्राचं माप, सेकंदाला किती फ्रेम, आवाजाचे चॅनेल किती, सगळं समोर येतं. निदान इथून सुरू करा.

कोडेक पॅक टाकणं

वीस वर्षांपूर्वी हा सल्ला बरोबर होता. आज जवळजवळ कोणालाच त्याची गरज नाही. व्हीएलसी, एमपीव्ही, एमपीसी-एचसी हे प्लेअर लागणारे कोडेक स्वतःबरोबरच आणतात. पॅक मात्र सगळ्या विंडोजच्या व्यवस्थेत हात घालतो. दोन पॅक टाकले की एकाच फाईलवर दोघेही हक्क सांगतात आणि कालपर्यंत चालणारं आज बंद पडतं. असा घोळ झाला असेल तर ‘अॅप्स’च्या यादीतून सगळे पॅक काढा, मशीन रीस्टार्ट करा आणि एकच प्लेअर नव्याने टाका.

मिळेल तिथून डाउनलोड करणं

ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते. व्हीएलसी पूर्णपणे फुकट आहे. १९९६ मध्ये पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून त्याची सुरुवात झाली आणि २००१ मध्ये तो मुक्त सॉफ्टवेअर म्हणून खुला झाला. त्यासाठी पैसे, ईमेल किंवा फोन नंबर मागणारी साईट खरी नाही. खरी साईट एकच, व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग. २०२२ मध्ये कित्येक महिने ती भारतात उघडत नव्हती. बंदी उठली नोव्हेंबरमध्ये. त्या काळात ज्यांनी शोधून शोधून कुठल्यातरी तिसऱ्याच ठिकाणाहून व्हीएलसी घेतला असेल, त्यांनी तो काढून मूळ साईटवरून पुन्हा टाकावा असं मी कळकळीने सांगेन.

एमपीसी-एचसीचं वेगळं आहे. मूळ गटाने २०१७ मध्ये काम थांबवलं, पण पुढच्या आवृत्त्या दुसऱ्या डेव्हलपरने गिटहब या सॉफ्टवेअर ठेवण्याच्या साईटवर चालू ठेवल्या आहेत. २०१७ची आवृत्ती घेऊन ‘हा नवीन फाईल उघडत नाही’ म्हणणारे बरेच भेटतात.

आणि एखादा व्हिडिओ उघडल्यावर ‘हे बघायला अमुक प्लेअर उतरवा’ असा संदेश आला तर ती फाईल तिथल्या तिथे डिलीट करा. खऱ्या व्हिडिओला स्वतःचा वेगळा प्लेअर लागत नाही. विंडोज फाईलच्या नावाचा शेवटचा भाग लपवतं, त्यामुळे व्हिडिओसारखी दिसणारी फाईल प्रत्यक्षात ‘डॉट ईएक्सई’ असू शकते. फाईल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन एक्स्टेन्शन दिसू द्या.

अडकत चालणाऱ्या व्हिडिओसाठी प्लेअरला दोष देणं

जुना लॅपटॉप आणि फोर-केचा (खूप मोठ्या मापाचा) एचईव्हीसी व्हिडिओ, असं असेल तर प्रोसेसर एकट्याने ते ओझं उचलू शकत नाही. ग्राफिक्स चिपला ते काम यावं लागतं. इंटेलच्या प्रोसेसरच्या सहाव्या पिढीपासून साधा एचईव्हीसी आणि सातवीपासून १०-बिटचा (रंगांच्या जास्त छटांचा) एचईव्हीसी चिपमध्येच उलगडता येतो. एव्ही१साठी अकरावी पिढी लागते. व्हीएलसीत ‘टूल्स’, ‘प्रेफरन्सेस’, मग ‘इनपुट / कोडेक्स’मध्ये हार्डवेअर डीकोडिंग ‘ऑटोमॅटिक’ आहे ना ते बघा. उलट चित्रावर हिरवे पट्टे किंवा चौकोनी ठिपके येत असतील तर तेच ‘डिसेबल’ करून बघा. मशीनच जुनं असेल तर एमपीसी-एचसी हलका पडतो, पण तोही चमत्कार करणार नाही. त्याच व्हिडिओची १०८० किंवा ७२०ची प्रत घेणं हा खरा उपाय.

मराठी सबटायटल: चौकोन, कचरा आणि उशीर

मराठी अक्षरांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्यामागे विचित्र चिन्हं, अशी माळ दिसली तर फाईल ठीक आहे. ती यूटीएफ-८मध्ये (युनिकोड अक्षरं साठवण्याची पद्धत) आहे आणि प्लेअर ती चुकीच्या पद्धतीने वाचतोय. ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘सबटायटल्स’खाली एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. रिकामे चौकोन दिसत असतील तर फॉन्टची अडचण आहे. तिथेच ‘निर्मला यूआय’ किंवा ‘मंगल’ निवडा. पण सबटायटल फाईल नोटपॅडमध्ये उघडल्यावरही नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच दिसत असतील, तर ती बहुधा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेली आहे. ती कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणल्याशिवाय कुठलाच प्लेअर वाचणार नाही.

वेळ जुळत नसेल तर व्हीएलसीत सबटायटल आधी येत असल्यास ‘एच’, उशिरा येत असल्यास ‘जी’. दर दाबाला ५० मिलिसेकंद सरकतं. मात्र सुरुवातीला जुळलेलं तासाभरात अडीच मिनिटं मागेपुढे गेलं, तर कितीही वेळा एच-जी दाबून उपयोग नाही. सबटायटल सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रतीसाठी केलेलं आणि चित्रपट २३.९७६चा, किंवा उलट, असं झालेलं असतं. ‘ट्रॅक सिंक्रोनायझेशन’मध्ये सबटायटलचा वेग बदला, किंवा त्याच प्रतीचं सबटायटल शोधा. दुसरा मार्ग सोपा.

संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज १००च्या पुढे नेणं

५.१ म्हणजे सहा चॅनेलच्या आवाजाच्या चित्रपटात संवाद मुख्यतः मधल्या चॅनेलवर असतात. लॅपटॉपला दोनच स्पीकर, त्यामुळे संवाद दबतात आणि मारामारी सुरू झाली की शेजारी दार ठोठावतात. व्हीएलसीचा आवाज १००च्या वर ताणला की तो फाटतो, संवाद स्पष्ट होत नाहीत. ‘इफेक्ट्स अँड फिल्टर्स’मधला कंप्रेसर चालू करा. मोठा आवाज खाली येतो, बारीक आवाज वर. आजी-आजोबांच्या मशीनवर मी हे कायमचं चालू ठेवून देतो.

गाण्यांसाठीही व्हिडिओचाच प्लेअर वापरणं

दोन-चार गाण्यांना व्हीएलसी पुरेसा आहे. संग्रह मोठा असेल तर वेगळा प्लेअर हवा, आणि शास्त्रीय गायन ऐकणाऱ्यांना तर हवाच. सीडीवर विलंबित आणि द्रुत बंदिशी वेगवेगळ्या ट्रॅकमध्ये असतात, पण गायन सलग असतं. प्लेअरला ‘गॅपलेस’ म्हणजे दोन ट्रॅक खंड न पाडता वाजवणं जमत नसेल तर समेवर येता येता मध्येच पोकळी पडते आणि कान दुखावतो. फूबार२००० आणि म्युझिकबी हे दोन्ही प्लेअर ते नीट करतात.

एक नाट्यगीत मोठ्याने आणि पुढचं भावगीत पुटपुटल्यासारखं वाजत असेल तर फूबारमध्ये सगळी गाणी निवडून राईट क्लिक करा आणि ‘रिप्लेगेन’ने स्कॅन करा. मूळ ध्वनीला हात न लावता आवाजाची नोंद टॅगमध्ये होते आणि वाजवताना पातळी सारखी होते. १२८ केबीपीएसची एमपीथ्री मात्र फ्लॅकमध्ये (आवाज न गाळता साठवणाऱ्या प्रकारात) बदलू नका. एकदा गाळलेला आवाज परत येत नाही, फक्त फाईल कितीतरी पटीने मोठी होते.

राहिली लग्नाची डिस्क. ती अजून चालतेय तोवर हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. त्यावेळी एकच व्हीओबी (डीव्हीडीवर व्हिडिओ ज्यात असतो ती) फाईल उचलू नका. डीव्हीडीत प्रत्येक व्हीओबी १ जीबीच्या आतच असते, म्हणून लांब लग्न चार-पाच तुकड्यांत विभागलेलं असतं. ‘व्हिडिओ टीएस’ हा अख्खा फोल्डर कॉपी करा आणि तोच व्हीएलसीवर ओढून टाका, म्हणजे सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत सगळं सलग चालतं. व्हीसीडी असेल तर ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमधली ‘डॉट डॅट’ फाईल घ्या. तिचं चित्र मुळातच ३५२ बाय २८८ एवढं आहे, मोठ्या पडद्यावर ते धूसरच दिसणार. खिडकी लहान ठेवून बघा.