मॅनेजमेंटचा वकील व्हायचंय? मग आधी आरोपपत्र लिहायला शिका

कामगार न्यायालयात वकील दोन प्रकारचे, युनियनचे आणि मॅनेजमेंटचे. बहुतेक जण आयुष्यभर एकाच बाजूला राहतात. तसा कुठे लिहिलेला नियम नाही, पण बाजू बदलणाऱ्याकडे दोन्हीकडची मंडळी जरा सावधच बघतात. मी पुण्यात मॅनेजमेंटच्या बाजूने काम करतो. लॉ कॉलेजची मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे कामगारांना काढायचं काम ना सर?" प्रश्न रास्त आहे. पण माझा बराचसा वेळ 'आत्ता काढू नका' हे सांगण्यात जातो, आणि ते ऐकून घ्यायला लावणं हेच या कामातलं अवघड कसब आहे.

फोन बहुधा शुक्रवारी संध्याकाळी येतो. चाकण किंवा रांजणगावच्या एखाद्या कारखान्याचा एचआर मॅनेजर असतो. "साहेब, उद्या सकाळी एकाला टर्मिनेट करायचंय. प्लांट हेड ऐकायला तयार नाहीत. लेटर पाठवता का?" काय केलं त्याने? सुपरवायझरला शिवीगाळ. कधी? मंगळवारी. सुपरवायझरची लेखी तक्रार? घ्यायची आहे अजून. कोणी पाहिलं? अख्ख्या लाइनने. त्यातला साक्ष द्यायला उभा कोण राहील? इथे फोनवर शांतता पसरते.

अशा वेळी लेटर द्यायचं नसतं. तक्रार आजच्या आज लिहून घ्या, साक्षीदारांचे जबाब घ्या, गरज असेल तर कंपनीची अंतर्गत चौकशी होईपर्यंत निलंबित करा. निलंबनही फुकट नसतं. महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांप्रमाणे (म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटी-शर्तींचे नियम) पहिले ९० दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून द्यायचा, पुढचे ९० दिवस पाऊण, आणि त्यानंतर पूर्ण. चौकशी कामगारामुळे लांबली असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर रेंगाळण्याचा भुर्दंड मालकालाच पडतो. हा हिशेब प्लांट हेडला सांगितला की चौकशीच्या तारखा आपोआप लवकरच्या मिळायला लागतात.

मग आरोपपत्र, म्हणजे कामगारावर नेमका काय आरोप आहे ते सांगणारं कंपनीचं पत्र. नवीन ज्युनियरला मी आधी हेच लिहायला बसवतो. पहिला मसुदा जवळजवळ नेहमी सारखाच येतो, "आपण दिनांक अमुक रोजी वरिष्ठांशी गैरवर्तन व शिवीगाळ केली." यातून काहीच कळत नाही. कोणत्या पाळीत, किती वाजता, कुठल्या मशिनपाशी, कशावरून सुरुवात झाली, तो नेमकं काय बोलला? शिवी जशी दिली तशी लिहावी लागते, अक्षरन् अक्षर. चांगल्या घरची मुलं-मुली इथे लाजतात, फुल्या-फुल्या टाकतात. फुल्यांना उत्तर कोण कसं देणार? आरोप काय आहे ते कामगाराला नीट कळलं पाहिजे, त्याशिवाय त्याला बचावाची संधी दिली असं म्हणता येत नाही. आणि ज्या भाषेत त्याला वाचता येतं त्या भाषेत हवं. मराठी कामगाराला इंग्रजी आरोपपत्र देऊन पुढे "त्याला सगळं समजलं होतं" असं शाबीत करत बसण्यात अर्थ नाही. आता लाइनवर बिहार-उत्तर प्रदेशातली मुलंही बरीच असतात, त्यामुळे हिंदीही नीट लिहिता आली पाहिजे. तुमचं इंग्रजी ड्राफ्टिंग झकास असेल तर उत्तम, ते हायकोर्टात कामाला येईल. इथला पाया देवनागरीत रचला जातो.

कागद आधीपासून ठेवले तर काय होतं, याचं भारत फोर्जचं प्रकरण जरूर वाचा. १९८३ साली एक कामगार कामाच्या वेळेत गाढ झोपलेला सापडला. बडतर्फी झाली, प्रकरण कामगार न्यायालयापासून वर वर चढत गेलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये बडतर्फी योग्य ठरवली. झोपेसाठी नोकरी घालवायची म्हणजे अति झालं, असं पहिल्यांदा वाचताना वाटतं. पण गैरवर्तनासाठी त्याला आधी तीनदा शिक्षा झाली होती आणि ती रेकॉर्डवर होती. ते कागद फाइलमध्ये नसते तर निकाल काय लागला असता, याचा विचार करून बघा. घटना ते शेवटचा निकाल यात किती वर्षं गेली तेही मोजा, आणि अशिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

दुसरा नेहमीचा वाद म्हणजे समोरचा माणूस 'कामगार' आहे का. अशील खात्रीने सांगतो, "तो असिस्टंट मॅनेजर होता, त्याला कामगार कायदाच लागू नाही." पदनामाला कोर्ट फारशी किंमत देत नाही, माणूस प्रत्यक्ष काय करायचा ते बघतं. हाताखाली किती जण? रजा कोण मंजूर करायचं? कोणाला मेमो दिलाय का कधी? उलटतपासणीत या तीन-चार प्रश्नांत बहुतेक गोष्टी उघड होतात. बऱ्याचदा असिस्टंट मॅनेजर साहेब दिवसभर गेटवर चलनं तपासत असतात. मग ही भूमिका सोडून दिलेली बरी, असं अशिलाला सांगायचं धाडस हवं.

काही चुका मात्र न्यायाधीश कितीही समजूतदार असले तरी भरून निघत नाहीत. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम २५-एफप्रमाणे वर्षभर काम केलेल्या कामगाराला कपातीत कमी करताना महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागे, तोही त्याच वेळी, नंतर बघू म्हणून नाही. ट्रायब्युनलसमोर (औद्योगिक न्यायाधिकरणासमोर) वाद चालू असताना बडतर्फ केलं तर कलम ३३(२)(ब)प्रमाणे महिन्याचा पगार आणि ट्रायब्युनलकडे मंजुरीचा अर्ज सोबतच. तो अर्ज केलाच नाही तर बडतर्फी टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केलं. आणि कामावर परत घेण्याच्या आदेशाविरुद्ध हायकोर्टात गेलात की कलम १७-ब उभं असतं. निकाल लागेपर्यंत शेवटचा पगार दरमहा द्या, काम न घेता. हे ऐकल्यावर तडजोडीची भाषा सुरू करणारे कितीतरी मालक मी पाहिलेत.

तुम्ही आता या क्षेत्रात येत असाल तर तुमच्या वाट्याला दुप्पट वाचन आलंय. जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेत कपात करण्यासाठी आणि कारखाना बंद करण्यासाठी आधी सरकारची परवानगी घेण्याची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेली, आणि कपात झालेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीत (नवं काम शिकता यावं म्हणून) आणखी १५ दिवसांचा पगार भरायचा आहे. पण जुन्या घटनांच्या फायली अजून कित्येक वर्षं चालतील, तेव्हा १९४७ चा कायदा कपाटात टाकून चालणार नाही. शिवाय महाराष्ट्रात १९७१ चा अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा आपला स्वतःचा कायदा आहे. त्याखाली कामगार थेट कोर्टात येतो, अंतरिम आदेश मागतो, आणि तक्रार साधारण ९० दिवसांत करावी लागते. तक्रार आली की पहिली तारीख बघायची सवय लावून घ्या. या कायद्याचा नव्या संहितेशी मेळ कसा बसतो यावर वाद होणारच, आणि त्यात नव्या मुलांना चांगली संधी आहे. तिथे आम्ही जुने लोकही तुमच्याइतकेच नवे.

कोर्टाबाहेरचा भाग कॉलेजात कोणी शिकवत नाही. युनियनचं मागणीपत्र येतं, मग कराराच्या बैठका. तिथे वकिलाने शक्यतो समोर बसू नये असं माझं मत आहे. आपण समोर बसलो की समोरच्यांनाही वकील आणावासा वाटतो आणि पगारवाढीचं बोलणं कलमांवर घसरतं. मागच्या खोलीत बसून मसुदा करा. मात्र सही कुठे होते याकडे लक्ष ठेवा. जुन्या कायद्यात सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार सगळ्या कामगारांना बांधून ठेवायचा, आपापसातला फक्त सही करणाऱ्या पक्षांना. कारखान्यात दोन युनियन असतील तर या एका फरकावर पुढची तीन वर्षं शांततेत जातात किंवा जात नाहीत.

कामगारांच्या विरोधात काम करताना मनाला लागत नाही का, असंही विचारतात. कधी कधी लागतं. दहा-बारा वर्षांनी केस उभी राहते आणि साक्षीच्या पिंजऱ्यात केस पांढरे झालेला माणूस असतो. तेव्हा त्याची उलटतपासणी नीटच घ्यायची, पण त्याला हिणवायचं नाही. एवढं पाळता येत नसेल तर हे काम करू नये. चोरी केली म्हणून काढलेल्याची बाजू आणि युनियन केली म्हणून काढलेल्याची बाजू एक नसते. दुसऱ्या प्रकारात मी अशिलाला परत घ्या म्हणतो, आणि ऐकलं नाही तर केस घेत नाही. त्यामुळे काही अशील गेले. गेले तर गेले.

सुरुवात कुठून करायची? सनद मिळाल्यावर कामगार कायद्याचा डिप्लोमा केलात तर चांगलंच. परळच्या नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेत या विषयाचं पदव्युत्तर शिक्षणही मिळतं. पण कुठल्या तरी ज्येष्ठांच्या ऑफिसात बसल्याशिवाय हे काम येत नाही, आणि पहिली दोन-तीन वर्षं पैसे बेताचे असतात. घरी तसं सांगून ठेवा. पुढे चौकशी अधिकारी म्हणून नेमणुका मिळायला लागल्या की जरा बरं होतं. ऑफिस निवडताना एक गोष्ट विचारा, "मला कारखान्यात पाठवाल का?" फक्त कोर्टात तारखा घ्यायला ठेवणार असतील तर दुसरं ऑफिस शोधा. प्रेस शॉप डोळ्यांनी न पाहता प्रेस ऑपरेटरची उलटतपासणी घेता येत नाही. आणि गेलात की कॅन्टीनमध्ये जेवा, केबिनमध्ये डबा मागवू नका.